‘सगळं बरंय’ : पहिलं वर्ष आणि घरचा फोन

तावरजा | ११ मे, रात्री ११:४०

४ तारखेला मेडिकलची नीट परीक्षा झाली, ५ तारखेला बारावीचा निकाल लागला. म्हणजे महिन्या-दीड महिन्यात आपल्याकडची पोरंपोरी गाद्या, बादल्या घेऊन एसटीत बसणार. मी मागच्या वर्षी बसलो होतो. बीएस्सी पहिल्या वर्षाचे दोन पेपर अजून व्हायचेत, अभ्यास सोडून हे लिहायलोय.

मी औसा तालुक्यातला. दोन वर्षं लातूरला नीट केली, एकदा बारावीसोबत आणि एकदा रिपीट. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. त्यानंतर लातुरात राहायचीच लाज वाटायला लागली. ज्या चहावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांनी ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली त्यांच्यासमोरून बीएस्सीची बॅग घेऊन कसं जायचं? म्हणून संभाजीनगर. इथं चुलतभाऊ होता. तो ऑगस्टमध्ये नोकरीला पुण्याला गेला आणि बेगमपुऱ्यातल्या रूमवर मी एकटा उरलो. एकटा म्हणजे रूममध्ये तीन पोरं होती, पण तिघंही कानात हेडफोन घालून.

रोज रात्री साडेआठला आईचा फोन. जेवलास का? भाजी काय होती? अभ्यास बरा चाललाय का? माझं उत्तर ठरलेलं, सगळं बरंय. फोन घ्यायला मी गच्चीवर टाकीपाशी जायचो. आमच्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळं टाकी वाजवून बघायची सवय लागली होती. ‘बद्द’ वाजली तर पाणी आहे, ‘टण्ण’ वाजली तर उद्या आंघोळ नाही. एका हातानं टाकी वाजवत मी आईला सांगायचो, “पाणी लई आहे इथं.”

आता काय काय बरं नव्हतं ते सांगतो.

पहिलं प्रॅक्टिकल टायट्रेशनचं. ब्युरेट मी तोवर चित्रातच पाहिलेली. बारावीचं जर्नल होतं, भरलेलंही होतं, फक्त मी भरलेलं नव्हतं. वरून कॉस्टिक सोडा सोडायचा, खाली फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. एवढं मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. पण उजव्या हातानं फ्लास्क हलवत राहायचा आणि डाव्या हातानं ऐनवेळी कॉक बंद करायचा, हे मी केलेल्या हजारो एमसीक्यूंत कुठंच नव्हतं. माझा फ्लास्क राणी कलरचा झाला. तीनदा. लॅबमधले मामा जाता जाता थांबले. “बाळा, नळ नाही हा. थेंब मोज.” मग त्यांनी डावा हात ब्युरेटच्या मागून घालून कॉक कसा धरायचा ते दाखवलं आणि फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला. चौथ्यांदा कळेल न कळेल असा गुलाबी आला. मामा तोवर दुसऱ्या टेबलावर गेले होते. मी एकटाच त्या फ्लास्ककडं बघत उभा.

लेखी परीक्षेत मात्र कुणी मामा नव्हते. दोन वर्षं गोल काळे करून हाताची लिहायची सवयच गेलेली. मोठ्या प्रश्नाला मी सहा ओळी लिहिल्या. सहाच्या सहा बरोबर. पण सहाच! शेजारचा पोरगा पुरवणी मागायचा तेव्हा मला वाटायचं हा काय गोष्ट लिहायलाय का. फेब्रुवारीत निकाल आला तेव्हा कळलं. रसायनशास्त्राचा पेपर राहिला. नीटला माझे सगळ्यात जास्त मार्क रसायनशास्त्रातच होते.

पैशाचं वेगळंच. स्कॉलरशिपचा अर्ज मंजूर दिसत होता आणि खात्यावर काही येत नव्हतं. मी बँकेत चार चकरा मारल्या. खात्याला आधार लिंक आहे का? आहे. मग? शेवटी नेटकॅफेवाल्यानं सांगितलं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात जातात तिथं आधार ‘सीड’ असणं वेगळं. एका वेळी ते एकाच खात्याला असतं. माझं शाळेत असताना उघडलेल्या गावाकडच्या खात्याला होतं. त्या खात्याचं पासबुक आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत, आणि मी इथं मेसवाल्याला ‘सोमवारी देतो’ म्हणत तोंड चुकवायलोय.

आणि येळवस. ३० डिसेंबरला सोमवारी होती. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. इथं साधा सोमवार. मंगळवारी प्रॅक्टिकल होतं म्हणून गेलो नाही. आईनं व्हिडिओ कॉल केला, खोपीभोवती सगळी गोळा झालेली, घोंगडीखालून आंबिलीचं गाडगं काढून दाखवलं. मी म्हणलं आवाज येत नाही, आणि फोन कट केला. आवाज चांगला येत होता.

बापाला शेवटी खरं सांगितलं. खरं बोलावं म्हणून नाही, बॅकच्या पेपरचा फॉर्म भरायला पैसे नव्हते म्हणून. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “किती लागतेत?” आकडा सांगितला. “आईला मी सांगतो, तू नको सांगू.” दुसऱ्या दिवशी साडेआठला आईचा फोन. जेवलास का? मी म्हणलं, मेस बंद होती, येसर करून खाल्लं. (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं घरचं पीठ, पाण्यात शिजवायचं.) ती म्हणली, “येसरात पाणी जास्त घालतोस तू, गुठळ्या होत नाहीत म्हणून.” बास. पेपरचा विषयच नाही. पण सहा महिन्यांत मी तिला सांगितलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

आता माझा प्रश्न. तुम्ही पहिल्या वर्षी घरी काय सांगत होता? आणि खरं सांगावं का?

---

केजचा जुना डबा | १२ मे, सकाळी ६:१०

बाळा, आमच्या वेळी फोन नव्हता, डबा होता. १९८३ला मी अंबाजोगाईला अकरावीला होतो. आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं पंधरा-वीस डबे यायचे, ड्रायव्हरच्या पाठीमागं रचलेले. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. स्टँडवर आम्ही पोरं गाडीची वाट बघत बसायचो. गाडी लेट म्हणजे उपास. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. तो रिकामा डबा म्हणजेच माझं ‘सगळं बरंय’. डबा रिकामा आला की आईनं समजायचं, पोरगं जेवलं.

एकदा तापानं पडलो. तीन दिवस घास जात नव्हता. पण भरलेला डबा परत गेला तर आई काळजी करील म्हणून रूमवरच्या दोस्ताला म्हणलं, तू खा आणि डबा गाडीत ठेव. त्यानं इमानदारीनं खाल्ला. पण तो पोरगा शिस्तीचा, डबा घासून पुसून पाठवला. मी जन्मात डबा धुऊन पाठवला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी आई दारात उभी. “डबा धुतलेला आला,” एवढंच म्हणली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

तेव्हा लपवायचंच असेल तर नीट लपवा.

---

स्पष्टवक्ता | १२ मे, सकाळी ९:२५

धागा वाचला. भावनिक आहे. पण मुद्द्याचं बोलू. नीट नाही लागली म्हणून बीएस्सी करण्यात काय अर्थ आहे? तीन-चार वर्षं घालवून पुन्हा स्पर्धा परीक्षाच करणार ना? मग आत्ताच करा. आणि एक विषय राहिला तर त्यात रडण्यासारखं काय? आमच्या बॅचला सात-सात राहायचे.

---

तावरजा | १२ मे, दुपारी १:०५

काका, डब्याची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती म्हणली, बरोबर आहे, भांडं खोटं बोलत नाही.

स्पष्टवक्ता भाऊ, सात राहायचे ते घरी सांगायचात का?

---

स्पष्टवक्ता | १२ मे, दुपारी १:४०

नाही. :)

---

प्रयोगवही | १२ मे, रात्री ९:५०

मी गेली सोळा वर्षं पदवीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते, मराठवाड्यातच. तावरजा, तुझ्या सहा ओळींचा पेपर मी दर वर्षी तपासते. नीट-जेईईकडून वळून आलेली मुलं हुशार असतात आणि पहिल्या सत्रात हमखास आपटतात. उत्तर माहीत असतं, पण ‘का’ आणि ‘कसं’ लिहायची सवय मोडलेली असते. माझ्या वर्गात मी ऑगस्टपासून रोज एक प्रश्न वीस मिनिटांत वहीत लिहून घेते. मुलं कुरकुरतात. दिवाळीपर्यंत सहा ओळींची दीड पानं होतात. एवढंच औषध आहे, महाग नाही.

आता नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबद्दल, कारण इथं येणाऱ्या पालकांना त्याचा पत्ता नसतो. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५पासून लागू झालं, म्हणजे तावरजाची बॅच पहिलीच. एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाचे ४४. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. मुलं तो ‘सोपा कोणता’ म्हणून घेतात आणि मग विज्ञानाचा मुलगा हिशेबाच्या पेपरात अडकतो. जो शिकवायला कॉलेजात खरोखर शिक्षक आहे, तो घ्या. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारलं की दोन मिनिटांत कळतं. सगळे क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा होतात, त्यासाठीचा आयडी पहिल्याच महिन्यात काढा आणि त्यावरचं नाव दहावीच्या सनदेवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आधारवर ‘बाई’, सनदेवर नुसतं नाव, यावरून किती मुलींचे कागद अडलेत ते मी मोजणं सोडलंय.

एका विषयात राहिलं तर वर्ष बुडत नाही, हे घरी समजावून सांगा. आई-वडलांच्या डोक्यात ‘नापास’ म्हणजे दहावीचं नापास असतं. अर्धी भीती त्या शब्दाचीच.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर शिक्षक नेमलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तो फॉर्मवरच असतो, हे मी आमच्या बाजूनं कबूल करते. तरी तुम्ही जाऊन दार वाजवा. दार वाजवणारी मुलं वर्षाला चार-पाचच असतात, त्यामुळं त्यांची नावं आम्हाला पाठ होतात.

---

कयाधू | १३ मे, रात्री १२:१५

हिंगोली जिल्ह्यातली. नांदेडला विष्णुपुरीच्या कॅम्पसजवळ राहते, माझं पहिलं वर्ष तीन वर्षांपूर्वी झालं.

तावरजा दादा, छान लिहिलंय. पण ‘खरं सांगावं का’ हा प्रश्न पोराला परवडतो. तुमचे वडील म्हणले, किती लागतात. मी एक पेपर राहिला असं सांगितलं असतं तर माझे म्हणले असते, ये मग घरी. रागानं नाही, मायेनंच. ‘झेपत नसंल तर कशाला जिवाला त्रास, ये बाई.’ त्यांच्या मायेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

म्हणून मी सगळंच लपवलं. ताप, पेपर, होस्टेलची खिडकी, बसमधला एक प्रकार. तो प्रकार मी एका मैत्रिणीला सांगितला, ती मला घेऊन थेट मॅडमकडं गेली. त्या बसनं मी पुन्हा गेले नाही, पण दुसऱ्या बसनं गेले. घरी कळलं असतं तर बसच बंद झाली असती, आणि बस बंद म्हणजे कॉलेज बंद.

प्रयोगवही मॅडम, ते नवीन धोरणातलं एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही. आमच्याकडं त्या ‘एक्झिट’चा अर्थ काय होतो सांगू? ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळतंय ना, मग झालं की शिक्षण, वैशाखात उरकून टाकू.’ स्वायत्त कॉलेजांत हे धोरण एक वर्ष आधीच आलं होतं, तिथल्या माझ्या मावसबहिणीचं अक्षरशः असंच झालं. ४४ क्रेडिट घेऊन ती आता सासरी आहे.

---

प्रयोगवही | १३ मे, सकाळी ७:३०

कयाधू, मी ते मुद्दाम टाळलं होतं, तू बरोबर जागी बोट ठेवलंस. ४४ क्रेडिट अधिक कौशल्याचे ४ क्रेडिट पूर्ण केले की सर्टिफिकेट मिळतं, हे खरं. पण ते क्रेडिट ७ वर्षांपर्यंत खात्यावर राहतात, हे कुणी मुलीच्या घरी सांगत नाही. तुझ्या मावसबहिणीला सांग. आयडी आणि पासवर्ड तिच्या स्वतःजवळ ठेवायला सांग, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये नको.

आणि ते बसचं. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्याकडं जायला आई-बापाची सही लागत नाही. रॅगिंगसाठी आपल्या राज्यात १९९९पासून वेगळा कायदा आहे आणि यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. रात्री फार एकटं वाटलं, काहीबाही मनात आलं, तर टेलिमानसचा १४४१६ फिरवा. फुकट आहे, रात्रभर चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं केला होता. म्हणून लिहिलं.

---

नागसेनवन ९३ | १३ मे, सकाळी ११:००

खोटं सांगण्यावरून आठवलं. मी १९९३ला मिलिंद कॉलेजला बीएच्या पहिल्या वर्षाला आलो. घरी फोन नव्हताच, पोस्टकार्ड. पण वडलांना वाचता येत नव्हतं. कार्ड गावात आलं की पोस्टमन ते चावडीपाशीच मोठ्यानं वाचायचा. म्हणजे मी जे लिहीन ते सगळ्या वस्तीनं ऐकायचं. अशा कार्डावर ‘मेसचे पैसे थकलेत’ कसं लिहिणार? मी लिहायचो, ‘प्रकृती उत्तम, अभ्यास जोरात.’ वस्तीतली माणसं वडलांना म्हणायची, पोरगं साहेब होतंय. मी इथं दुपारी दोन केळी खाऊन ग्रंथालयात बसलेला, कारण तिथं पंखा होता.

१४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं, नामविस्तार झाला. १९७८ला विधिमंडळानं ठराव केला तेव्हा मी धड बोलतही नव्हतो. मधली वर्षं वस्तीनं काय सोसलं ते बोलण्यातून कानावर पडतच मोठा झालो. त्या संध्याकाळी होस्टेलात कुणी झोपलं नाही. मी कार्ड घेतलं आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात विद्यापीठाचं पूर्ण नवं नाव लिहिलं. पत्त्यात विद्यापीठ लिहायची काही गरज नव्हती, माझा पत्ता होस्टेलचा होता. अक्षर बारीक करत करत कसंबसं बसवलं. मजकुराला जागाच उरली नाही. वडलांनी ते कार्ड शेवटपर्यंत ठेवलं होतं, त्यात मी काहीही लिहिलेलं नसताना.

पोरांनो, १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जाऊन या. बेगमपुऱ्यातून चालत जायला किती वेळ लागतो!

---

तावरजा | १३ मे, दुपारी २:२०

सर, गेलतो. संक्रांतीचे तिळगूळ खिशात होते, मेसवाल्या काकूंनी दिलेले. रस्ता माणसांनी भरलेला. लांबून लांबून आलेल्या म्हाताऱ्या बाया गेटच्या पायरीला डोकं टेकवायल्या. माझ्या शेजारच्या आजीनं विचारलं, “बाळा, तू इथंच शिकतूस का?” मी म्हणलं, कॉलेजात, पण डिग्री ह्याच विद्यापीठाची. तिनं माझ्याच गालावरून हात फिरवून बोटं मोडली. नीट गेल्यापासून मला कुणी शिकतोय म्हणून ओवाळलं नव्हतं.

कयाधू ताई, तुमचं वाचून काल झोप आली नाही. माझी बहीण यंदा अकरावीला जाणार आहे.

---

मुक्काम पोस्ट गारखेडा | १३ मे, दुपारी ४:१०

विषय सोडून एक विचारतो, येळवस म्हणजे काय? आम्ही संभाजीनगरचे, कधी ऐकलं नाही.

---

निलंग्याची | १३ मे, दुपारी ४:३२

मराठवाड्यात राहून येळवस माहीत नाही?! वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिवकडं नि सीमेपलीकडं कर्नाटकात. दिवाळीला न येणारं माणूस येळवशीला येतं. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नाही बरं का. शेंगांचे दाणे, पालेभाज्या, बेसन, सगळं एका भांड्यात. पुढच्या वर्षी या शेतात, आमंत्रण लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा धरून बसवतेत.

---

दुधनाकाठ | १३ मे, रात्री १०:०५

मी सेलूकडचा शेतकरी. मुलगी संभाजीनगरला पहिल्या वर्षाला आहे, तिचे पेपर चालू आहेत. हा धागा पुतण्यानं दाखवला. टायपिंगही तोच करायलाय.

तुम्ही पोरं म्हणता आम्ही खोटं सांगितलं. आम्ही काय खरं सांगतो? सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. मी ४,०००च्या आत दिलं. ओलावा जास्त आहे म्हणून केंद्रावरून माल परत आला, घरी ठेवायला जागा नाही, तिची फी तोंडावर. मुलीनं फोनवर विचारलं, पप्पा, भाव आला का? म्हणलं, आला की, चांगला आला. ती म्हणली, मग आपली विहीर? म्हणलं, उन्हाळ्यात बघू. तिच्या मायचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं नाही. पेपराच्या टायमाला कशाला.

आता हे वाचून वाटायलंय की तिकडून ती सगळं बरंय म्हणती, इकडून आम्ही सगळं बरंय म्हणतो, तर मग फोनचं बिल कशाचं भरायलोय?

---

कयाधू | १३ मे, रात्री १०:४०

काका, तिला भाव सांगा. ती घरी परत येणार नाही याची हमी मी देते. पण सांगताना ‘तुझं शिक्षण बंद होणार नाही’ हे आधी सांगा आणि भाव नंतर. माझ्या घरी हा क्रम कुणी पाळला असता तर मी बरंच बोलले असते.

---

केजचा जुना डबा | १४ मे, सकाळी ६:०५

कयाधू बाळ, तू लिहिलेलं वाचून माझा डब्याचा सल्ला मागं घेतो. माझ्या थोरल्या बहिणीला डबा कधी गेलाच नाही. ती सातवीनंतर घरीच होती. डबे तीच भरायची.

---

बारावी_झाली | १४ मे, दुपारी १२:५०

तावरजा दादा, मी परंडा तालुक्यातला. संभाजीनगरला यायचं ठरतंय. बेगमपुऱ्यात रूमचं भाडं किती, आणि मेस कोणती बरी? घरचे म्हणतात आजी सोबत येऊन महिनाभर राहील. आजी आलेली चालेल का?

---

तावरजा | १४ मे, दुपारी ३:१५

आजी आली तर तुमच्या रूमवर आम्ही सगळेच जेवायला येऊ, मेस विचारू नकोस. भाड्याचं जूनमध्ये ये आणि हिंडून बघ, फोनवर सांगतात त्यापेक्षा समोर गेलं की कमी होतं. घर बघताना तीन गोष्टी बघ. टाकी वाजवून बघ. रात्री गेट किती वाजता लावतात ते विचार. आणि डिपॉझिट दिलं की पावती घे. माझ्या भावानं घेतली नव्हती, त्याचे पैसे अजून घरमालकाच्या ध्यानात यायचेत. वसतिगृह किंवा राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या स्वाधार, आधार (हे आधार कार्ड नाही, योजनेचं नाव) यांपैकी तुला जी योजना लागू असेल तिचा अर्ज आल्या आल्या भर, दिवाळीनंतर धावपळ करू नकोस. खातं आधी बघ, कुठल्या बँकेला आधार सीड आहे ते.

---

दुधनाकाठ | १५ मे, रात्री ९:३०

कयाधू म्हणली तसं केलं. काल रात्री मुलीला आधी म्हणलं, शिक्षण बंद होणार नाही. मग भाव सांगितला. मायच्या गुडघ्याचंही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणली, “पप्पा, मी जानेवारीपासून एकाच टायमाची मेस लावलीय.” तिला मी रोज विचारत होतो, जेवलीस का. ती म्हणायची, व्हय.

शनिवारी तिचा पेपर नाही. मराठवाडा एक्सप्रेसनं निघतोय.

---

तावरजा | १५ मे, रात्री ९:४४

काका, तुम्हाला निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे. स्टेशनवर उतरलात की फोन करा, मी घ्यायला येतो. आमच्या मेसच्या काकूंकडं मुलींसाठी वेगळी पंगत असते आणि महिन्याच्या मधूनही लावता येते, आजच विचारून आलोय.

पिशवीत येसर असंल तर थोडं माझ्यासाठी पण आणा. माझं संपलंय.